कंबरेचा त्वचाकर्करोग : स्क्रीनिंग

(धोतर कर्करोग, साडी कर्करोग, परकर कर्करोग). धोतर, लुगडे किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने कंबरेच्या कातडीवर होणारा दुर्मिळ कर्करोग. तो बहुधा स्क्वॅमस पेशींचा असतो. जुनाट जखमेतून उद्भवल्यास त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात.

इतिहास : टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात सवयींशी निगडित तीन कर्करोगांचे वर्णन केले : धोतराने कंबरेला, चुट्टा या चिरूटाचे पेटते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला व खैनीने खालच्या ओठाला होणारा. पुढे मुंबईतून साडी नेसणाऱ्या स्त्रियांचे रुग्णवृत्तान्त आले. २०२४ मध्ये वर्धा व बिहारच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांचे वृत्तान्त देऊन दोष साडीपेक्षा परकराच्या आवळ नाडीला दिला; मात्र त्यांतील एक रुग्ण परकराविना लुगडे नेसणारी होती.

स्क्रीनिंग : राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी होते, त्वचेची नाही. रोग इतका विरळ, की सरसकट तपासणी व्यवहार्य ठरत नाही. इतर कारणाने आलेल्या वयस्क रुग्णाची नाडी सैल करून दोन्ही कुशींपर्यंत कंबर पाहणे, हाच मार्ग उरतो. स्त्रियांसाठी परिचारिका सोबत असावी. काळा वा पांढुरका पट्टा, खवले व कंड हे सहसा कर्करोग नव्हेत. त्यांवर लक्ष ठेवावे. त्यांची नायट्याशी गल्लत होते. कडा उंच व कठीण झालेली, रक्त येणारी किंवा उपचार करूनही आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम असल्यास तिचा तुकडा काढून तपासावा (बायॉप्सी).

तुकडा जखमेच्या कडेतून, निरोगी कातडीसह व पुरेशा खोलीचा घ्यावा. मधला सडका भाग निरुपयोगी; वरवरच्या तुकड्यात जुन्या जखमेची नुसती जाड झालेली त्वचाही कर्करोगासारखी दिसते. अहवाल निर्दोष येऊनही संशय टिकल्यास पुन्हा तुकडा घ्यावा. जांघेतील गाठी चाचपाव्यात. २०२४ च्या वृत्तान्तांतील दोघींपैकी एकीच्या गाठीत रोग पोचला होता.



उपचार : शस्त्रक्रिया.

प्रतिबंध : नाडी सैल बांधणे, रुंद पट्टा वापरणे, बांधण्याची जागा बदलणे.