सरगुंडे, चकोल्या आणि बोलोन्याची सोन्याची फीत

चांदूर बाजार, अचलपूर परिसरासह वऱ्हाडात उन्हाळा लागला की शेवया, कुरडया आणि पापडांच्या बेगमीबरोबर सरगुंड्यांचीही आठवण होते. त्यासाठी मीठ घालून कणीक घट्ट मळतात आणि तिची लांब, बारीक वळी करून काडीवर पिळासारखी गुंडाळतात. काडी अलगद ओढून घेतली की पोकळ सरगुंडा तयार होतो. वाफवलेले सरगुंडे आमरसासोबत वाढण्याची रीत आहे.

पोळी लाटून, तिचे तुकडे कापून तुरीच्या वरणात शिजवलेल्या चकोल्या किंवा वरणफळे हे याच कुळातील रोजचे जेवण. लाटणे, कापणे आणि पातळ पदार्थासोबत खाणे हीच कृती इटलीतील 'तालियातेल्ले' या फितीसारख्या पास्त्याचीही आहे. इटालियन भाषेत 'तालियारे' म्हणजे कापणे. त्यावरूनच हे नाव पडले. बोलोन्या शहरात शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे या प्रमाणात पीठ मळतात, पातळ लाटून गुंडाळी करतात आणि सुरीने फिती कापतात. वऱ्हाडी कणकेत अंडे नसते, हा मुख्य फरक.

गव्हाचा धागाही जुळतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करणे बंधनकारक केले. विदर्भातील जुना बन्सी गहूही ड्युरम जातीचाच.

तालियातेल्लेचा शोध १४८७ मधील एका राजघराण्यातील विवाहप्रसंगी लागला, ही कथा मात्र विसाव्या शतकातील एका विनोदी लेखकाची कल्पना आहे. कथा कल्पित असली, तरी माप पक्के आहे. इटालियन पाककला अकादमीने १६ एप्रिल १९७२ रोजी बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे त्याची अधिकृत नोंद केली. शिजलेल्या फितीची रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजे शहरातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग असावी, असे ठरले. या फितीचा सोन्याचा नमुनाही मंडळात जपून ठेवला आहे.

सरगुंड्यांना असे माप नाही. वळीची जाडी आणि कणकेचा घट्टपणा करणाऱ्या बाईच्या बोटांनाच ठाऊक असतो. शेवया यंत्रावर झटपट निघू लागल्या. काडीवरचा पीळ मात्र हातानेच द्यावा लागतो. त्यामुळे सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जाणारे हे शिक्षण थांबले, तर पदार्थाचे नाव राहील, पण कृती हरवेल.