उतारा कुणाच्या खिशात

27 जून 1994, रात्र. जपानमधल्या मात्सुमोतो शहरात सारिन वायूने आठ जणांचा बळी घेतला. पोलिसांना संशय आला, तो पहिली खबर देणाऱ्याचाच.

1 जानेवारी 1995. कामिकुइशिकी गावात सारिनचे अंश सापडल्याची बातमी ‘योमिउरी’ दैनिकाने छापली. ओम् शिनरिक्यो पंथाचा तळ तिथेच होता.

19 मार्च. पंथावर 22 तारखेला छापा घालायचं ठरलं होतं. पोलिसांनी लष्कराकडून गॅस मास्क वापरण्याचं शिक्षण घेतलं. तोक्योचे डॉक्टर मात्र अंधारातच होते.

20 मार्च, सोमवार, पहाट. छत्र्यांची टोकं धारदार करून पंथाच्या पाच जणांनी पाण्याच्या पिशव्या फोडण्याचा सराव केला. त्यांच्यातल्याच एका हृदयशल्यविशारदाने साथीदारांना ॲट्रोपिनच्या सिरिंज दिल्या. विषाची बाधा जाणवली तर टोचून घ्यायच्या. विदर्भात फवारणीची विषबाधा झालेल्या शेतमजुराला दवाखान्यात देतात तेच हे औषध.

सकाळी 8 च्या सुमारास. पाच मेट्रो गाड्या, सारिनच्या 11 पिशव्या. कोदेनमाचोला एका प्रवाशाने गळती पिशवी पायाने फलाटावर ढकलली. कासुमिगासेकीला कर्मचाऱ्यांनी डब्यातलं द्रव वर्तमानपत्राने पुसलं. मारुनोउची मार्गावरची एक गाडी विषासह नऊनंतरही धावत होती.

हल्लेखोरांपैकी एकाला पळताना लक्षणं जाणवली. त्याने मोटारीतच मांडीत ॲट्रोपिन टोचून घेतलं.

8:16. सेंट ल्यूक्स रुग्णालयाला निरोप मिळाला: भुयारी मेट्रोत गॅसचा स्फोट.

8:28. पहिला रुग्ण चालत आला. डोळे दुखत होते, अंधुक दिसत होतं. स्फोटाच्या जखमा नव्हत्या.

9:40. अग्निशमन दलाने ॲसिटोनायट्राइल या रसायनाचा अंदाज कळवला. तोही चुकला.

दरम्यान मात्सुमोतोचे रुग्ण हाताळलेल्या शिंशू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी टीव्हीवर लक्षणं ओळखली आणि स्वतःहून तोक्योला कळवलं. हे काम खरं तर सरकारी यंत्रणेचं होतं.

11:00 च्या सुमारास. पोलिसांनी सारिन असल्याचं जाहीर केलं. पिशव्या फुटून तीन तास झाले होते.

ॲट्रोपिन स्राव आवरतं, श्वास मोकळा करतं. सारिनने जखडलेलं एन्झाइम सोडवतं ते दुसरं औषध, पॅम. पण साधारण पाच तासांत निम्मं एन्झाइम कायमचं निकामी होतं. त्यानंतर पॅमचा उपयोग घटत जातो. शेतीच्या कीटकनाशकांची विषबाधा शहरात क्वचितच, त्यामुळे तोक्योत पॅमचा साठा तुटपुंजा होता. नागोयाहून कुप्या शिंकान्सेनने निघाल्या. वाटेतल्या स्थानकांवर आणखी चढवल्या गेल्या.

दिवसअखेर. एकट्या सेंट ल्यूक्समध्ये 640 रुग्ण.

एकूण मृत्यू 14. चौदावा 2020 मध्ये, पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका महिलेचा.