अँबलरची बागशाळा

आमच्या आयटीत कंपन्यांचं विलीनीकरण नेहमीचंच. एका रात्रीत पाटी बदलते आणि जुनं नाव वर्षभरात विसरलं जातं. म्हणूनच गेल्या वर्षी आईला अँबलरची बाग दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या शाळेची गोष्ट मनाला भिडली.

अँबलर हे फिलाडेल्फियाच्या उत्तरेचं छोटं गाव. जेन बोन हेन्स ही क्वेकर घराण्यातली, ब्रिन मॉर कॉलेजात शिकलेली. इंग्लंडमधल्या मुलींच्या बागशाळा तिने पाहिल्या आणि १९१० साली इथे ‘पेनसिल्व्हेनिया स्कूल ऑफ हॉर्टिकल्चर फॉर विमेन’ ही संस्था काढली. हौसेने चार कुंड्या लावायला नव्हे, तर बायकांना या विद्येवर स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून! वर्गात झाडांचं शास्त्र शिकायचं आणि शेतात, फळबागेत, ग्रीनहाऊसमध्ये स्वतः राबायचं.

१९२४ ते १९५२ लुईस बुश-ब्राऊन या संचालिका होत्या. दुतर्फा फुलांचे लांब ताटवे असलेली इथली प्रसिद्ध बाग आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पती जेम्स यांच्यासोबत १९३९ साली लिहिलेलं त्यांचं ‘अमेरिकाज गार्डन बुक’ खूप गाजलं.

आईने विचारलं, “इथे शिकलेल्या मुलींचं पुढे काय झालं रे?”

एकीचं सांगतो. अर्नेस्टा बॅलर्ड १९५४ साली इथून शिकून बाहेर पडल्या आणि १९६३ पासून १९८१ पर्यंत पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रमुख होत्या. फिलाडेल्फियाचा फ्लॉवर शो आपण दरवर्षी बघतो ना, तो एवढा मोठा करण्यात त्यांचा मोठा वाटा!

१९५८ साली शाळा टेंपल विद्यापीठात विलीन झाली. नाव गेलं, पण बाग राहिली आणि बागकामाचं शिक्षणही. १ सप्टेंबर २०२१ ला ‘आयडा’ वादळाबरोबर आलेल्या टोर्नेडोने शेकडो झाडं पाडली. तरी पडलेल्यांच्या जागी पुन्हा रोपं लावली गेली.

हे सगळं ऐकून आई बाकावर गप्प बसून राहिली. मग म्हणाली, “मलाही शेतकी कॉलेजात जायचं होतं. पण ‘मुलीच्या जातीला शेतकी शिकून काय करायचंय’ म्हणून आमच्या आण्णांनी फॉर्मच भरू दिला नाही.” पस्तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं!

परतीच्या वाटेवर आम्ही कुदळ घेतली. आता आमच्या बॅकयार्डात मेथी आणि मिरच्या आहेत. आई भारतात परतली, पण दर रविवारी फोनवर तिचा वर्ग भरतो. विद्यार्थिनी एकच, माझी सात वर्षांची लेक.