विंचेस्टर : नाव उरले, कारखाना गेला

कारखान्याचे नाव मोठे झाले, म्हणजे ते त्याला तारू शकते काय? या प्रश्नाला अमेरिकेतील विंचेस्टर बंदुकीचा इतिहास जे उत्तर देतो, ते आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. १८६६ साली त्याने बंदुकांची कंपनी काढली. पुढे ती न्यू हेवन शहरात नांदली. चापाभोवतीची दांडी खालीवर केली, की रिकामे काडतूस बाहेर पडे व भरलेले नळीत येई. १८७३ च्या बंदुकीने तर कीर्तीचा कळस गाठला. ज्यांची भूमी गेली त्या मूळ रहिवाशांना मात्र ही कीर्ती केवढ्याला पडली, हे विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धात कर्ज काढून कारखाना वाढविला. युद्ध सरले, मागणी ओसरली. चाकू, स्केट्स विकूनही कर्ज फिटेना. १९३१ साली दिवाळे निघाले आणि ऑलिन घराण्याने कंपनी घेतली. मजुरी महागली तेव्हा, १९६४ साली, खर्च वाचविण्यासाठी बंदुकांची घडणच बदलली. गिऱ्हाइकाने ते तत्काळ ओळखले. जुन्या बंदुकांनाच अधिक किंमत येऊ लागली! १९७९ साली दीर्घ संप सुरू झाला. १९८१ मध्ये कारखाना विकला गेला, १९८६ मध्ये नव्या कंपनीचेही दिवाळे वाजले आणि २००६ साली न्यू हेवनची भट्टी थंडावली.

नाव आजही ऑलिनकडे आहे. परवान्याने त्या नावाच्या बंदुका जपानमध्ये घडतात. कारागिराच्या हाताने मिळविलेले नाव विकता येते. तो हात आणि त्यावर जगणारे गाव मात्र नावाबरोबर जात नाही.