जॅझ संगीत आणि महाराष्ट्रातील रेडिओ श्रोते

महाराष्ट्रातील जॅझ संगीताचा प्रसार मुख्यतः दोन मार्गांनी झाला. पहिला मार्ग मुंबईतील हॉटेले व नृत्यगृहे हा होय. तो शहरातील उच्चभ्रू वर्गापुरता मर्यादित होता. दुसरा मार्ग हिंदी चित्रपटगीते व रेडिओ हा होय. या मार्गाने जॅझमधील वाद्ये, ठेके व वाद्यमेळाची पद्धत जालन्यासारख्या मराठवाड्यातील गावांपर्यंत पोहोचली. तेथील बहुसंख्य श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र हे संगीत ‘जॅझ’ नव्हते, तर ‘सिनेमाची गाणी’ होती. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांवर निर्बंध घातले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यामुळे श्रोत्यांची अभिरुची शासनाने घडवावी काय, हा प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आला.

मुंबईतील जॅझ

जॅझ हे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या समाजात उदयास आलेले संगीत होय. उत्स्फूर्त वादन, तालातील आघातांची हेतुपुरस्सर केलेली हलवाहलव आणि ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांसारख्या सुषिर वाद्यांचे प्राधान्य ही त्याची ठळक वैशिष्ट्ये आहेत. १९३५ च्या सुमारास अमेरिकन वादक लिऑन ॲबी याचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही तेथे आले. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली.

गोव्यातील चर्चशी संलग्न असलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिनसारखी पाश्चात्त्य वाद्ये शिकविली जात. त्यामुळे पोटापाण्यासाठी मुंबईत येणाऱ्या गोमंतकीयांना वाद्यवृंदांत सहज काम मिळे. हळदोणे येथे जन्मलेले अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे त्यांपैकी सर्वांत नावाजलेले ट्रंपेटवादक होत. त्यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई.

चित्रपटसंगीतातील प्रवेश

स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकारी व संस्थानिक यांचा आश्रय संपला. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाल्याने हॉटेलांतील वाद्यवृंदांचे उत्पन्नही घटले. त्याच काळात चित्रपटगीतांतील वाद्यमेळ मोठा होत होता. अनेक गोमंतकीय वादकांनी ध्वनिमुद्रणगृहांचा आधार घेतला. अनेक संगीतकार चाल गाऊन किंवा हार्मोनियमवर सांगत. ती लिपिबद्ध करून प्रत्येक वाद्याचा भाग लिहिण्याचे काम संगीत संयोजक करी. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे या क्षेत्रातील महत्त्वाचे संयोजक होत.

जॅझचा ठेका लोकप्रिय करणाऱ्या संगीतकारांत सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–१९८२) यांचे स्थान अग्रगण्य आहे. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेल्या या संगीतकाराने *शहनाई* (१९४७), *समाधी* (१९५०), *अलबेला* (१९५१) व *आशा* (१९५७) या चित्रपटांत पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा मुक्त वापर केला. चिक चॉकलेट हे त्यांचे सहकारी होते व *अलबेला*मध्ये ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. *आशा*मधील ‘ईना मीना डीका’ या गीतात निरर्थक अक्षरांचा लयीसाठी केलेला उपयोग जॅझमधील ‘स्कॅट’ गायनाशी नाते सांगतो. तथापि ही गीते पूर्णार्थाने जॅझ नव्हेत. साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत उत्स्फूर्त वादनाला फारसा वाव नसे आणि वाद्यांचे भाग आधीच लिहिलेले असत.

आकाशवाणीचे धोरण आणि रेडिओ सिलोन

पुणे येथे जन्मलेले व शास्त्रीय संगीताचे जाणकार असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य वळण हे अभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण आहे, अशी त्यांची भूमिका होती. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला व गीते निवडून घेण्यात येऊ लागली. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून तेही वगळले गेले. चित्रपट निर्मात्यांनी या धोरणाला विरोध करून प्रक्षेपणाचे परवाने मागे घेतले. परिणामी काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

ही पोकळी रेडिओ सिलोनच्या व्यापारी सेवेने भरून काढली. कोलंबो येथील प्रबळ लघुलहरी प्रक्षेपक भारतभर ऐकू येत. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेला, अमीन सायानी यांनी सादर केलेला ‘बिनाका गीतमाला’ हा दर बुधवारी रात्री प्रसारित होणारा कार्यक्रम अल्पावधीत देशभर लोकप्रिय झाला. श्रोत्यांच्या पसंतीनुसार गीतांचा क्रम लावण्याची पद्धत त्याने रूढ केली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही मनोरंजनप्रधान सेवा सुरू केली व चित्रपटगीतांना पुन्हा स्थान दिले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांच्या विविध भारतीवर जाहिरातीही प्रसारित होऊ लागल्या.

केसकरांच्या धोरणाचे मूल्यमापन केवळ निर्बंधांवरून करणे एकांगी ठरते. त्यांच्या कारकिर्दीत शास्त्रीय संगीताच्या प्रक्षेपणाला मोठे बळ मिळाले. सुगम संगीताचे स्वतंत्र विभागही उभे राहिले. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे *गीतरामायण* याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून दर आठवड्याला प्रसारित झाले आणि त्याला अपूर्व प्रतिसाद मिळाला. मराठी श्रोता एकाच वेळी *गीतरामायण* व ‘बिनाका गीतमाला’ या दोहोंचा चाहता असू शकत होता. यावरून ‘उच्च’ व ‘हीन’ अभिरुची असे श्रोत्यांचे सरळ विभाजन टिकत नाही, असे दिसते.

मराठवाडा व जालना

आजच्या जालना जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची ‘डेक्कन रेडिओ’ ही स्वतंत्र नभोवाणी सेवा होती. १९५० मध्ये ती आकाशवाणीत विलीन झाली. हा प्रदेश १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा बनला.

जालना शहर मनमाड–हैदराबाद लोहमार्गावरील कापसाच्या व्यापाराचे केंद्र असले, तरी मुंबईपासून ते सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. मध्यमलहरी प्रक्षेपण मर्यादित अंतरापर्यंतच स्पष्ट ऐकू येते. याउलट लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे मराठवाड्यासारख्या भागात दूरच्या कोलंबोचे प्रक्षेपण ऐकणे शक्य होई, मात्र आवाजात चढउतार व खरखर असे. वीज नसलेल्या गावांत बॅटरीवर चालणारे संच वापरले जात. रेडिओसाठी परवाना घ्यावा लागे. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आल्यानंतर रेडिओ चावडी व हॉटेलातून शेतापर्यंत गेला. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट व ट्रंपेट वाजविणाऱ्या बँडपथकांनीही रेडिओवर लोकप्रिय झालेली गीते आपलीशी केली.

मूळ जॅझ ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी व्हॉइस ऑफ अमेरिकेवरून १९५५ पासून विलिस कोनोव्हर यांचा कार्यक्रम लघुलहरींवर प्रसारित होत असे. पण इंग्रजी निवेदनामुळे त्याचा श्रोतृवर्ग मर्यादित राहिला.

आयर्लंडशी तुलना

नवस्वतंत्र राष्ट्रात जॅझवरून वाद उद्भवल्याचे असेच उदाहरण आयर्लंडमध्ये आढळते. १ जानेवारी १९३४ रोजी लीट्रिम परगण्यातील मोहिल येथे जॅझविरोधी मोर्चा निघाला. धर्मगुरू पीटर कॉनेफ्री हे या चळवळीचे प्रमुख प्रवर्तक होते व गेलिक लीगचा तिला पाठिंबा होता. तेथे ‘जॅझ’ हा शब्द सर्वच आधुनिक नृत्यसंगीताला उद्देशून वापरला जाई. पुढे १९४३ मध्ये मंत्री पी. जे. लिटल यांनी आयरिश नभोवाणीवरील अशा संगीतावर निर्बंध आणले. तेथील श्रोत्यांना ब्रिटिश केंद्रे व रेडिओ लक्झेंबर्ग यांचा पर्याय उपलब्ध होता. दोन्ही देशांत परकीय प्रभावाची चिंता खरी होती; परंतु रेडिओलहरी सीमा ओलांडत असल्याने अभिरुचीवरील शासकीय नियंत्रण अपुरे पडले.

उत्तरकाळ व श्रेयाचा प्रश्न

शंकर–जयकिशन यांची *रागा जॅझ स्टाइल* (१९६८) ही ध्वनिमुद्रिका राग व जॅझ यांच्या मिलाफाचा उल्लेखनीय प्रयोग मानली जाते. तीत उस्ताद रईस खान यांचे सतारवादन आहे. गोव्यात ख्रिस पेरी (१९२८–२००२) व गायिका लॉर्ना यांनी कोंकणी गीतांना जॅझचे वळण दिले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला.

रेडिओवर गीताची ओळख करून देताना गायक, संगीतकार व गीतकार यांची नावे सांगितली जात; वादक व संयोजक यांचा उल्लेख क्वचितच होई. परिणामी ज्यांच्या वादनाने ही गीते घरोघरी ओळखीची झाली, त्या गोमंतकीय कलावंतांची नावे श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाहीत. अलीकडच्या काळातील लेखन व संशोधनामुळे त्यांच्या कार्याची नोंद होऊ लागली आहे.

हे सुद्धा पहा

* सी. रामचंद्र
* बाळकृष्ण विश्वनाथ केसकर
* विविध भारती
* रेडिओ सिलोन
* गीतरामायण
* जालना जिल्हा