शिदोरी आणि नाका



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि गादीवर आलेले राजे यांची कथा सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कोल्हापुरात बोलावयाचे तर पन्हाळा आणि विशाळगड यांच्यामधली वाट आपोआपच डोळ्यांपुढे उभी राहते. तो मोह आज मी आवरणार आहे. माझा विषय एका फडक्यात बांधता येईल एवढा लहान आहे. साथीच्या दिवसांत लांबच्या वाटेला निघालेला मनुष्य बरोबर खाण्याचे काय घेई, आणि नाक्यावर त्याला अडविल्यावर त्याच्या त्या गाठोड्याचे काय होई, एवढाच तो विषय.

प्रथम गाठोडे सोडून पाहू. आपल्याकडे शिदोरी आणि शिधा हे दोन शब्द निराळे आहेत. शिदोरी म्हणजे शिजवलेले, भाजलेले, लगेच खाता येण्याजोगे अन्न; शिधा म्हणजे पीठ, डाळ, मीठ-मिरची, जे मुक्कामाला चूल पेटल्यावर उपयोगी पडते. गाडीवाटेने जाणारा दोन्ही घेई. घाटावरचा शेतकरी ज्वारीची भाकरी, कांदा, खर्डा आणि गुळाचा खडा एवढ्यावर दोन दिवस काढी. सोवळ्याओवळ्याच्या घरांत दशमी करीत. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजविले की ते खरकटे होत नाही, म्हणून प्रवासात ती चाले. शास्त्राला अशी पळवाट काढणारी बाई कोण होती हे इतिहासाने नोंदविलेले नाही. पण तिने प्रवाशांवर मोठे उपकार केले. मुद्दा असा, की कोणत्याही शिदोरीला आयुष्य असते. भाकरी दोन दिवस, दशमी तीन-चार दिवस, आणि मग पुढे लाडू, लाह्या, भडंग. घरातली बाई गाठोडे बांधताना वाटेचे दिवस मनाशी मोजूनच ते बांधते. नाक्यावरचा हुकूम हा हिशोब मोडतो. खरी अडचण येथून सुरू होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले. मांडवी हा गोदीलगतचा भाग, धान्याच्या वखारींनी भरलेला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. थोड्याच महिन्यांत मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. तो अगदी आटोपशीर कायदा होता, पण रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत दिलेला होता. त्याच वर्षी पुण्यात काय घडले, रँडसाहेबाच्या कारभाराने लोक कसे चिडले आणि चापेकर बंधूंनी काय केले, ते शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. पुण्यातील घरझडतीची कथा आपण शंभर वेळा ऐकली. रस्त्यावरच्या तपासणीची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही, कारण तेथे गोळी झाडली गेली नाही. तेथे माणसे केवळ ताटकळली.

ती तपासणी अशी असे. गाडी ठरलेल्या स्टेशनवर थांबवीत. तिसऱ्या वर्गाचे उतारू खाली उतरवून त्यांच्या रांगा लावीत. डॉक्टर काखेत आणि जांघेत गाठ चाचपून पाही. स्त्रियांनाही यातून सूट नव्हती आणि संतापाचे मोठे कारण तेच होते. वरच्या वर्गातील साहेबमजकुराला बहुधा डब्यातच पाहिल्यासारखे करून सोडीत. ज्याच्या अंगात कसर वाटे, किंवा ज्याचे कपडे मळके दिसत, त्याला बाजूला काढीत. त्याची वळकटी वाफेच्या बंबात घालीत. आणि छावणीत त्याची रवानगी होई. निरीक्षणाची मुदत साधारण दहा दिवसांची धरीत. मद्रास इलाख्यात तर प्लेगच्या मुलखातून आलेल्यास परवाना देऊन दहा दिवस रोज हजेरी द्यावयास लावीत.

आता घरच्या बाईचा हिशोब आठवा. शिदोरी दोन दिवसांची आणि मुक्काम दहा दिवसांचा! तिसऱ्या दिवशी मनुष्य काय खाणार, आणि कोणाच्या हातचे खाणार? आज आपणास हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु परक्या हातचे पाणी पिणे हीच ज्या समाजात मोठी गोष्ट होती, त्या समाजात छावणीतील चूल हा रोगाइतकाच भीतीचा विषय होता. मुंबईत निरनिराळ्या जातींनी आपापली स्वतंत्र प्लेग-रुग्णालये उघडली, त्यामागे हेच एक मोठे कारण होते. या भीतीत खोटे सोवळे होते हे मी नाकारीत नाही. ज्यांना एरवीच कोणी विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्यापुढे छावणीत कोणते ताट आले असेल, याचाही विचार सोवळ्याच्या तक्रारी वाचताना केला पाहिजे. पण त्या भीतीत एक साधी मानवी गोष्टही होती: आजारी माणसाला घरचे अन्न हवे असते.

आपल्या करवीर भागाची स्थिती आणखी गुंतागुंतीची होती. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतची २९ मैलांची संस्थानी रेल्वे १८९१ साली सुरू झाली होती. म्हणजे पुण्या-मुंबईचा उतारू मिरजेत गाडी बदलून थेट येथे येऊ शकत होता. रस्त्याने पाहावे तर नकाशा गोधडीसारखा. कोल्हापुराहून बेळगावास निघालेला गाडीवान कागलच्या जहागिरीतून जाई आणि निपाणीला ब्रिटिश हद्दीत शिरे. पूर्वेकडे वळला तर इचलकरंजी, कुरुंदवाड, मिरज, सांगली असे तुकडे लागत. ब्रिटिश हद्दीत कायदा सरकारचा, संस्थानी हद्दीत हुकूम दरबारचा. एका दिवसाच्या वाटेत दोन-तीन राज्ये लागणाऱ्या मुलखात साथीचे दिवस आले म्हणजे गाडीवानाची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना करावी. त्यात १८९६-९७ चा दुष्काळ. शाहू छत्रपतींना गादीवर येऊन तेव्हा पुरती तीन वर्षेही झालेली नव्हती. स्वस्त धान्याची दुकाने उघडणे आणि गाठीच्या तापाला दूर ठेवणे ही दोन्ही कामे एकदमच त्यांच्या अंगावर पडली. एकासाठी बाहेरून धान्य आणावयाचे आणि दुसऱ्यासाठी बाहेरच्या माणसाला थांबवावयाचे.

आणि येथेच इतिहासाची एक विलक्षण थट्टा आहे. माणसाला थांबविले, धान्याला जाऊ दिले. आणि रोग धान्याबरोबर चालला होता.

प्लेगचा जंतू यर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. परंतु तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे १८९७ च्या अधिकाऱ्यांना कळलेले नव्हते. घाण, दमट घरे, रोग्याचा स्पर्श यांवर त्यांचा रोख होता. म्हणून रसकापुराचे पाणी, म्हणून चुन्याची सफेती, म्हणून जांघेतील गाठी. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसू हा दुवा दाखवून दिला. त्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. १९०५ नंतर मुंबईत पद्धतशीर प्रयोग झाले तेव्हा कोठे ते मान्य झाले. उंदीर धान्यामागे जातो. उंदीर नसला तरी पिसू पोत्याच्या शिवणीत, भुसकटात काही दिवस तग धरते. मांडवीत साथ प्रथम का दिसली, याचे उत्तर तेथील वखारींत होते. ज्या नाक्यावर एखाद्या म्हातारीला पदर बाजूला करावयास लावले, त्याच नाक्यावरून वाघिणीच्या वाघिणी भरून पोती पुढे गेली, आणि कोणी त्यांची काख चाचपली नाही.

अधिकाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण अडाणी म्हटल्या जाणाऱ्या खेडुताला एक गोष्ट त्यांच्याआधी कळलेली होती: आढ्यावरून उंदीर पडू लागले की घर सोडावे. शास्त्र त्याला ठाऊक नव्हते, परंतु माळावर झोपडी घालून राहणे हा त्याचा उपाय कोणत्याही बंबापेक्षा अधिक गुणकारी होता. पुढे सरकारनेही गावे उठवून बाहेर नेण्यावरच भर दिला.

माझी आजी त्या काळात लहान मुलगी होती. घर सोडून शेतातल्या खोपीत काढलेल्या दिवसांच्या तिच्या आठवणींत रडणे फार कमी आणि खाणे फार असे. ती सांगे, की तिच्या वडिलांनी घरातली जोंधळ्याची कणगी तशीच खोपीत आणू दिली नाही. ते रोज लागेल तेवढेच धान्य आणीत, खोपीपासून लांब घोंगड्यावर पातळ पसरून दिवसभर उन्हात ठेवीत, आणि संध्याकाळी नव्या गाडग्यात भरीत. का, असे कोणी विचारले तर एवढेच म्हणत, "घराचा वास जाऊ दे." कडक उन्हात पातळ पसरलेल्या दाण्यात पिसू टिकत नाही, हे शास्त्राने पुढे सांगितले. माझ्या पणजोबांनी ते कोणाकडून ऐकले, की स्वतःच ताडले, हे मला आजीला विचारावयास सुचले नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला तहांच्या तारखा पाठ करावयाच्या होत्या.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाबद्दल येथे बोलत नाही. ती साथ इतकी झपाट्याने आली की नाके बसविण्यास कोणाला उसंतच मिळाली नाही. मी एकदम शंभर वर्षे ओलांडून २०२० सालात येतो, कारण त्या वर्षी नाका पुन्हा उभा राहिला आणि आपण सर्वांनी तो पाहिला.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. पुण्याच्या बाजूने किणीचा टोलनाका आणि बेळगावच्या बाजूने कागल सोडून दूधगंगा ओलांडल्यावर लागणारे कोगनोळी, ही दोन नावे त्या दिवसांत कोल्हापूरकरांच्या तोंडी अंबाबाईच्या नावाइतकी झाली. १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. अन्नधान्य, दूध, भाजी यांच्या गाड्यांना मुभा आणि माणसाला पास. गोकुळच्या दुधाचे टँकर मुंबईकडे जात राहिले. पण त्या रस्त्यावरच्या खाणावळी बंद असल्यामुळे लाखो लोकांचे अन्न वाहणारे मालमोटारीचे ड्रायव्हर स्वतः मात्र उपाशी राहू लागले. ही चूक लक्षात येऊन एप्रिलच्या मध्यास केंद्र सरकारने हमरस्त्यावरचे ढाबे उघडण्यास परवानगी दिली. साखर कारखान्यांच्या तळांवर बीडकडचे ऊसतोड मजूर अडकले होते. हंगाम संपला, उचल फिटली, आणि गावाची वाट बंद. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणी करून त्यांना परत जाऊ देण्याचे ठरले. बायकामुले, भांडी, बैल आणि बैलांची वैरण असे सगळे बिऱ्हाड घेऊन ते निघाले. बैलाची शिदोरी बांधणारा प्रवासी आजच्या काळात तेवढाच उरला आहे.

या वेळी मात्र हिशोब उलटा होता. रोग श्वासातून पसरत होता. माणसाला थांबविणे आणि अन्नाला सोडणे हेच बरोबर होते. परंतु भीती जुनीच. आपण घरोघर कोथिंबिरीची जुडी साबणाच्या पाण्यात बुचकळली, दुधाच्या पिशव्या उन्हात मांडल्या, आणि नातेवाइकाने आणलेला डबा दोन दिवस पायरीवर ठेवला. मीही ठेवला. अन्नातून ही साथ पसरल्याचा पुरावा नाही, असे तज्ज्ञ सांगत होते. पण ऐकतो कोण? १८९७ साली पोत्याकडे पाहावयाचे तर आपण माणसाकडे पाहिले. २०२० साली माणसापासून दूर राहावयाचे तर पुष्कळांनी रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहत भाजी घेतली आणि घरी येऊन ती भाजी धुतली.

त्या मे महिन्यात मला पुण्याहून कोल्हापूरला यावे लागले. पास मिळाला. सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता, एरवी चार-पाच तासांचा. तरीही पत्नीने बारा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि पाण्याचे दोन मोठे कॅन बांधून दिले. मी म्हटले, "आपण काय काशीला निघालो आहोत?" ती म्हणाली, "नाक्यावर ठेवून घेतले तर?" मला माझ्या आजीचाच आवाज ऐकल्यासारखे वाटले. नाक्यावर कपाळासमोर यंत्र धरून ताप पाहिला, नाव-गाव लिहिले आणि डाव्या हातावर शाईचा शिक्का उमटविला. माझ्यापुढच्या गाडीत मुंबईहून आलेले एक कुटुंब होते. त्यांना घशाची तपासणी होऊन गावच्या शाळेत चौदा दिवस राहावयाचे होते. त्यांच्याजवळ एक बिस्किटांचा पुडा आणि अर्धी बाटली पाणी होते. ऊन मी म्हणत होते. मी सहा दशम्या कागदावर काढल्या आणि त्यांच्या गाडीच्या टपावर ठेवून मागे सरलो. हातात देणे मला धजले नाही, आणि त्यांनाही हात पुढे करणे धजले नाही. मी मागे सरल्यावर त्या बाईंनी येऊन कागद उचलला.

त्या उन्हाळ्यात गावोगावच्या शाळांत असेच लोक राहिले. घरचे कोणीतरी सायकलवर डबा घेऊन येई, फाटकाशी ठेवी, दहा पावले मागे जाऊन उभे राही. आतला मनुष्य तो उचली आणि तेथेच उभा राहून बोलत बोलत खाई. कित्येक ठिकाणी डबा परत नेत नसत. शाळेच्या ओट्यावर रिकाम्या डब्यांची ओळ उन्हात वाळत पडलेली असे, आणि चौदा दिवस भरले म्हणजे माणूस आणि डबे बरोबरच घरी जात.