जुन्या कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स २ चालेल का? आधी हे तपासा

ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप खामगाव-चिखलीकडच्या घरात आला, की पोरांचा पहिला प्रश्न असतो: यावर एज ऑफ एम्पायर्स २ चालेल का? १९९९ चा मूळ गेम हलका होता. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन मात्र ३० जीबी जागा मागते. मोबाईलवर रोज दीड जीबी मिळत असेल, तर हा २० दिवसांचा डेटा झाला. म्हणून डाउनलोडच्या आधीच तपासा.

किमान काय लागतं?
- ६४-बिट विंडोज १०
- कोअर २ ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम
- इंटेल एचडी ४००० किंवा त्याहून चांगलं ग्राफिक्स, डायरेक्टएक्स ११

कसं तपासायचं?
विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. इंग्रजीत डी-एक्स-डी-आय-ए-जी टाइप करून एंटर दाबा. सिस्टिम टॅबवर विंडोज, प्रोसेसर आणि रॅम दिसेल.

इथे बरेच जण फसतात. त्याच टॅबवर ‘डायरेक्टएक्स १२’ लिहिलेलं असतं, पण ते विंडोजमधलं व्हर्जन आहे, ग्राफिक्सची ताकद नाही. ती डिस्प्ले टॅबवर ‘फीचर लेव्हल्स’ समोर कळते. तिथे ११_० नसेल, तर गेम चालण्याची आशा सोडा. दुसऱ्या पिढीच्या आय३-आय५ मधलं एचडी २०००-३००० ग्राफिक्स इथेच अडतं. रॅम वाढवून उपयोग नाही, वेगळं ग्राफिक्स कार्डच लागेल.

गेम आधीच घेतलाय?
स्टीमवर १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. गेलेला डेटा मात्र परत मिळत नाही.